वर्गमित्राची मुलाखत घेतली, पण सापडला येमेनचा इतिहास. मित्र कुठं गेला?

बालाघाटचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एम.ए. करतोय, दुसरं वर्ष, छत्रपती संभाजीनगरात. (गावाकडं अजून सगळे औरंगाबादच म्हणतात, माझ्याही तोंडी मधेमधे तेच येईल, सांभाळून घ्या.) मूळचा धारूर तालुक्यातला.

स्थलांतराच्या पेपराला एक प्रकल्प आहे. वर्गातल्या एकाची मुलाखत घ्यायची, तो इथवर कसा आला ते लिहायचं आणि मग त्याचं विश्लेषण करायचं. जोड्या सरांनीच लावल्या. जोडीतल्या दोघांनी एकमेकांची मुलाखत घ्यायची. माझ्या वाट्याला आला येमेनचा मित्र. वर्षभर एकाच बाकावर बसतो आम्ही, त्यामुळं वाटलं, हे तर सोपं काम.

चार दिवसांत लिहून दिलं. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना घेतलं, मार्च २०१५ मध्ये सौदीच्या आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले, एप्रिलमध्ये भारतानं 'ऑपरेशन राहत' करून आपली माणसं बाहेर काढली, ऑगस्ट २०१६ पासून सानाचा विमानतळ प्रवासी विमानांना बंद झाला. सगळं तारीखवार. मग रॅव्हन्स्टाइनचे १८८५ चे स्थलांतराचे नियम, मग एव्हरेट लीची १९६६ ची मांडणी: ढकलणारे घटक, ओढणारे घटक, मधले अडथळे. तक्तासुद्धा काढला होता.

सरांनी परत दिलं. लाल पेनानं एकच ओळ: "यात येमेन आहे. तुझा मित्र कुठंय?"

मोजून पाहिलं तर अख्ख्या लेखात त्याच्या तोंडची वाक्यं चार. "तू इथं का आलास?" असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "युद्ध होतं. भारतात शिक्षण स्वस्त आहे. इंग्रजीत शिकता येतं. लोक चांगले आहेत." चाळीस मिनिटं बोललो, पण वापरण्यासारखं एवढंच निघालं.

आता पंधरा दिवस हातात आहेत. काय विचारू? इथं लिहितोय ते त्याला सांगितलंय, नाव-गाव देणार नाही या बोलीवर तो हो म्हणालाय.

---

शोधवाट

ती चार वाक्यं नीट वाच. ते व्हिसाच्या खिडकीवरचं उत्तर आहे. परदेशातून आलेल्या माणसाला "का आलात" हे किती ठिकाणी विचारलं जातं बघ: वकिलातीत, विमानतळावर, परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, खोली भाड्यानं देणाऱ्याच्या ओट्यावर. सगळीकडं चालेल असं एक उत्तर तो घडवून ठेवतो. तू तेच विचारलंस, त्यानं तेच दिलं.

"का" बाजूला ठेव. "कसं" विचार. निघाला त्या दिवशी सकाळी काय झालं? बॅग कोणी भरली? बॅगेतून काय काढून टाकलं? पासपोर्ट कसा मिळाला, किती दिवस लागले, पैसे कोणी भरले? माणूस वस्तूंबद्दल बोलायला लागला की गोष्ट आपोआप पुढं सरकते.

आणि कोणत्या भाषेत बोललात?

---

बालाघाटचा

इंग्रजीत, कारण लेख नीट व्हावा म्हणून. एरवी आम्ही दखनीत बोलतो. तो रोशन गेटच्या बाजूला राहतो, तिथून शिकलाय. "कायकू", "नक्को", "हौला" सगळं येतं. मराठीत "थांबा", "सुट्टे नाहीत" आणि दोन शिव्या. शिव्या मी शिकवल्यात.

---

शोधवाट

मग दखनीतच घे की मुलाखत. परीक्षेच्या इंग्रजीत कोण आपली आई आठवतं?

---

फटकळ

मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. हे स्थलांतर कसं? पोरगा शिकायला आलाय, शिकेल, जाईल. मग लातूरला नीटच्या क्लाससाठी खोल्या करून राहणारी सगळी पोरंही स्थलांतरितच म्हणायची. समाजशास्त्रवाल्यांना काहीतरी लेबल लागतं.

---

शोधवाट

फटकळ, तुमचा प्रश्न वाटतो तितका वाकडा नाही. कागदावर तो विद्यार्थीच आहे. भारतानं निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, इथं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळं युद्धातल्या देशातून आलेला माणूस इथं बहुतेक वेळा कुठल्या तरी दुसऱ्याच नावानं राहतो: विद्यार्थी, रुग्ण, रुग्णाचा नातेवाईक. परत जाता येईल की नाही हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. तो स्वतःला काय म्हणतो हे विचारण्यासारखं आहे. आपण लावू ते नाव नंतर.

लातूरच्या पोरांचं म्हणाल तर, हो, म्हणा की. कोण अडवतंय?

---

मांजराकाठ

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत. मूळचा औसा तालुक्यातला. तुझा धागा वाचून हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी याच प्रकल्पाचा दुसऱ्या बाजूचा बळी होतो. लेकीच्या शाळेत "एका माणसाची देशांतराची गोष्ट लिहा" असं होतं. तिनं बापालाच धरलं.

बोलता बोलता मी किल्लारीचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला थोडाच वेळ होता, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी नववीत होतो. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. पलीकडच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. लेकीनं डोळे मोठे करून ऐकलं आणि निबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं: भूकंपानं माझ्या वडिलांना अमेरिकेत आणलं.

निबंधाला पैकीच्या पैकी मिळाले. पण ते खोटं आहे हो. भूकंपानं मला दोन किलोमीटरसुद्धा हलवलं नाही. खुद्द किल्लारीची माणसं हलली ती नव्या किल्लारीपर्यंत. मी गाव सोडलं ते मावसभावामुळं. त्याची लातुरात खोली होती, जोडीदार सोडून गेला होता, अर्धं भाडं भरणारा कोणी हवा होता. त्यानं निरोप धाडला, "येतोस का?" बारावी तिथं झाली, मग पुण्यात इंजिनिअरिंग, मग कंपनीनं २००६ साली पाठवलं. तीन वर्षांचा व्हिसा, अजून तीन वर्षं, मग ग्रीन कार्डाच्या रांगेत. एका देशाला सात टक्क्यांच्या वर मिळत नाहीत, भारतीयांची रांग हलता हलत नाही. अजून उभा आहे.

माझ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा घटक अर्धं भाडं आहे. पण तो निबंधाच्या पहिल्या वाक्यात कसा शोभणार? तुझ्या मित्राकडं युद्ध आहे म्हणजे तू युद्धच लिहिणार. त्याच्या गोष्टीतलं अर्धं भाडं शोध.

---

जुनी_शाळा

मांजराकाठ, सुंदर लिहिलंत. परभणीला तीस वर्षं शिकवलं, निबंधात मुलं मोठ्या घटनेला कशी बिलगतात ते पाहिलंय. "दुष्काळ" म्हटलं की सगळ्यांच्या निबंधात भेगाळलेली जमीन. मी विचारायची, "तुमच्या घरी त्या वर्षी कोणती भाजी बंद झाली?" मग खरं यायचं.

---

नांदेडी_चाऊस

धागाकर्त्या भाऊ, तुम्ही येमेन म्हणालात म्हणून लॉगिन करावं लागलं. आमचं आडनाव बघा. मराठवाड्यात चाऊस कुठं नाहीत? नांदेड, परभणी, बीड, जालना, औरंगाबाद. आमचे पूर्वज हद्रमौतचे, म्हणजे येमेनचा पूर्वेकडचा भाग. निजामाच्या फौजेत नोकरीला आले. चाऊस हा मुळात तुर्की फौजी हुद्दा, तोच आडनाव होऊन बसला. हैदराबादेतलं बारकस म्हणजे त्यांच्या बराकी, तिथली मंदी (येमेनी पद्धतीचा मटण-भात) खायला आता लोक लांबून जातात. आमच्या हदगावकडं नव्हा म्हणून गाव आहे, तिथल्या गढीत नोवसाजी नाईकांच्या बाजूनं अरब शिपाई जानेवारी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेशी लढले. म्हणजे दोनशे वर्षांपासून इथं येमेनी माणूस येतोय.

उलटं स्थलांतरही झालं. कुऐती घराण्याचा मूळ पुरुष हैदराबादेत जमादार होता, इथं कमावलेल्या पैशावर त्या घराण्यानं तिकडं मुकल्लाला सल्तनत उभी केली, ती १९६७ पर्यंत टिकली.

आणि एक घरातली गोष्ट. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर संस्थानातल्या अरबांना धरलं, बऱ्याच जणांना जहाजात घालून अदनकडं "परत" पाठवलं. आमच्या दादांचा, म्हणजे आजोबांचा, धाकटा भाऊ त्यात गेला. त्याचा जन्म आपल्या नांदेडकडच्या कंधारचा. अदन त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिकडून त्याचं एकच पत्र आलं, उर्दूत. त्यात काय होतं माहीत आहे? यंदा हाजी सय्याहचा उरूस कोणत्या तारखेला आहे ते कळवा. बस. आता तुमचा तो तक्ता काढा. याला काय ढकललं नि काय ओढलं?

तुमचा मित्र हद्रमी आहे का?

---

बालाघाटचा

नाही, ताइझचा. नैऋत्येला, डोंगरात. पण चाचा, हे तुमचं वाचून दाखवलं त्याला. कंधारच्या पत्रापर्यंत आल्यावर म्हणाला, "फिरसे पढ."

---

नांदेडी_चाऊस

ताइझ वेगळं, हद्रमौत वेगळं. नांदेडच्या माणसाला कोल्हापूरचा म्हटल्यासारखं होईल, नीट लिहा.

---

पाचट

बालाघाटचा, धारूरचा आहेस म्हणून विचारते. तुझी मुलाखत त्यानं घेतली का? काय सांगितलंस?

---

बालाघाटचा

घेतली, काल. ताई, तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

मी आधी म्हणालो होतो, "माझं काय, बसनं चार तास, आलो." तो म्हणाला, त्याच्या आधीचं सांग. मग सांगितलं. आई-बापू ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची, सांगलीकडं, एखाद वर्षी बेळगावकडं. पाडव्याच्या मागंपुढं परत. मी तिसरीपर्यंत त्यांच्यासोबत फडावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत). चौथीपासून गावातच हंगामी वसतिगृहात.

हे सांगताना मला वाटत होतं, हे स्थलांतरात धरायचं का? दरवर्षी जाऊन दरवर्षी येणं. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली, तेव्हा आई-बापू फडात आणि मी गावात. त्यांना कोणी मोजलं का, कुठं मोजलं, घरात कोणालाच आठवत नाही.

पण त्यानं काय विचारलं ते ऐका. येमेनमध्ये ऊस नाही की मुकादम नाही, तरी पोरानं असे प्रश्न विचारले की मी घरी कधी विचारले नाहीत. "पैसे आधी मिळायचे? किती? कोणी मोजून घ्यायचं, बाप की आई? कुठं ठेवायचे?"

पोळा झाला की मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा, घरी यायचा. कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून साठ हजार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. बापू पैसे हातात घ्यायचे नाहीत, लाजायचे. आई मोजायची, दोनदा. मग ज्वारीच्या कणगीत. मी फोन लावून आईला विचारलं तेव्हा कळलं हे. आई हसली, "तुला कशाला पायजे रं आता ते?" मग म्हणाली, एका वर्षी पाऊस लवकर लागला, गाळप आधीच बंद झालं, बाकी फिटली नाही, अंगावर राहिली, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागलं.

मित्र ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "तुमकू जाने के लिए पैसा मिलता था. हमकू देना पड़ा."

---

पाचट

माझी मायबी जायची. वडवणीकडची मी. मुलाखत तुझ्या आईची घ्यायला पाहिजे होती खरंतर. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची, पोटात मी होते. जानेवारी २०२४ च्या करारात टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले, लोकांनी पेढे वाटले. तेव्हा काय होता दर, विचार तिला.

आणि "स्थलांतरात धरायचं का" असं परत विचारू नकोस.

---

बालाघाटचा

नाही विचारणार ताई.

---

शोधवाट

"तुम्हाला जायला पैसे मिळायचे, आम्हाला द्यावे लागले." अरे, विश्लेषण मित्रानंच करून दिलं की. ते वाक्य धर. तुमच्याकडं उचल आधी येते आणि माणसाला जाणं भाग पडतं. त्याच्याकडं पैसा आधी जातो. कोणाचा गेला? कोणाचं देणं झालं? घरात ठरवलं कोणी?

वाचायला एक सुचवतो. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये मांडलं की स्थलांतराचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, घर घेतं. घरातला एक जण बाहेर पाठवणं म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत न ठेवणं. तुझ्या तक्त्यात माणूस एकटा उभा आहे आणि दोन्हीकडून बाण येतायत. त्याच्यामागं घर काढ.

---

फटकळ

एका जोडीला साठ हजार, सहा महिने, दोन माणसं. आणि तीही उसनी. मी गप्प बसतो थोडा वेळ.

---

जुनी_शाळा

फटकळ गप्प! धाग्याचं सार्थक झालं. (हलके घ्या.)

---

बालाघाटचा

दुसरी मुलाखत झाली. दखनीत, त्याच्या खोलीवर, तीन तास. त्यानं इलायची आणि सुंठ घालून कॉफीच्या सालांचा किश्र केला, मी बुढी लेनमधून नान-खलिया नेला होता. सगळं इथं लिहीत नाही, पण तुम्ही एवढी मदत केलीत म्हणून काही भाग देतो.

अर्धं भाडं सापडलं. नुसत्या युद्धानं तो निघाला नव्हता. २०१५ पासून २०२३ पर्यंत आठ वर्षं तो त्याच युद्धात राहत होता, शाळा, कॉलेज, सगळं तिथंच. शहराला वेढा होता. त्याच्या मावशीचं घर हौबानला, शहराच्या कडेलाच. आधी गाडीनं पंधरा मिनिटं लागायची. रस्ता बंद झाल्यावर डोंगराला वळसा घालून पाच-सहा तास. ईदला जायचं तर दिवस जायचा. निघायचं ठरलं ते एका फोनमुळं. त्यांच्या गल्लीतला एक जण आधीच इथं शिकत होता, त्याचं शिक्षण संपत आलं होतं. तो म्हणाला, "माझी खोली रिकामी होणार आहे. घरमालक परदेशी माणसाला देतो, फॉर्मही भरतो. असा दुसरा मिळणार नाही." परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो ना, त्या भानगडीत पडायला बरेच घरमालक तयार नसतात. म्हणजे मांजराकाठ काका, तुमचं नि त्याचं सारखंच. खोली. ली साहेबांनी "मधले अडथळे" म्हटलंय, इथं मधली सोयच निर्णायक ठरली.

मग कागद. सानातली भारतीय वकिलात २०१५ मध्येच बंद झाली, तिचं काम समुद्रापलीकडून जिबूतीतून चालायचं. त्याचा पासपोर्ट त्याच्या आधी परदेशात गेला, ओळखीच्या माणसाच्या हाती, होडीनं. तो म्हणाला, ते दीड महिने मला वाटायचं, मी अर्धा तिकडं आहे. मग अदनपर्यंत गाडी, तिथून कैरो, तिथून मुंबई, मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस. रॅव्हन्स्टाइन म्हणतो माणसं टप्प्याटप्प्यानं जातात, ते इथं बसतं. पण प्रत्येक टप्प्यावर त्याच्यासाठी कोणी ना कोणी थांबलेलं होतं, हे रॅव्हन्स्टाइनमध्ये नाही. औरंगाबाद स्टेशनवर पहाटे तो गल्लीतला खोलीवाला मित्र उभा होता, स्वेटर घेऊन. पावसाळ्यात स्वेटर कशाला? त्याला वाटलं होतं, रात्रभर एसी डब्यात कुडकुडला असेल. तिकीट स्लीपरचं होतं.

पैसे. (शोधवाट सर, हा तुमचा प्रश्न.) वडील सरकारी शाळेत मास्तर, पगार कधी येतो कधी नाही. आईचं सोनं आधीच गेलं होतं, बहिणीच्या आजारपणात. मग वडिलांनी आजोबांची जंबिया काढली. कमरेला लावायचा तो वाकडा खंजीर. शहरात रोज कोणी लावत नाही, पण गावाकडं लग्नाला गेलं की लागतेच, त्याशिवाय माणूस उघडा दिसतो म्हणे. जुनी मूठ होती, गेंड्याच्या शिंगाची. खरी किंमत मुठीची असते, पात्याची नाही. ती मामाकडं ठेवली आणि पैसे घेतले. गहाण म्हणायचं नाही, घरातल्या घरात कसलं गहाण. "ठेवली", बस.

गेल्या वर्षी मामेभावाचं लग्न झालं. व्हिडिओ कॉलवर हा इथून बघत होता. मामानं ती जंबिया लावली होती. वडील शेजारी उभे, कमरेला नुसता पट्टा. याला ती लगेच ओळखू आली. कोणी काहीच बोललं नाही. वडिलांनी कॅमेऱ्याकडं बघून विचारलं, "जेवलास का?"

मी लिहिणं थांबवलं होतं तेवढ्यात. तो म्हणाला, "लिख रे."

---

नांदेडी_चाऊस

आमच्या आजोबांची जंबिया अजून घरात आहे. गंजलेली. लग्नातल्या मर्फ्याच्या नाचात पूर्वी काढायचे. आणि बघा, जंबिया हा शब्द तुम्ही मराठीत असा सहज लिहिलात, अर्थ सांगावासुद्धा लागला नसता. अरबीतला "जनबिया" तो. पोराच्या मागं किती आधी येऊन बसलाय इथं.

त्याला घेऊन नांदेडला या. मंदी माझ्याकडून.

---

मांजराकाठ

"जेवलास का?" बस. माझेही बाबा फोनवर तेवढंच विचारायचे, २०१९ पर्यंत.

---

शोधवाट

आता भावनेतून थोडं बाहेर ये, कारण सर विश्लेषण मागणार. हात आखडता घेऊन सांगतो.

तुझ्याकडं दोन घरं आहेत. एका घरात उचल येते, आई मोजते, कणगीत ठेवते, सहा महिने राबून फेडायची. ती परतफेड मुकादमाला. दुसऱ्या घरातून जंबिया जाते, मामाकडं, परतफेडीची तारीख नाही, व्याज नाही, पण ती दर लग्नात दिसते. पहिलं कर्ज वहीत आहे. दुसरं कुठंच लिहिलेलं नाही. कोणतं जड, हे तू ठरवू नकोस, फक्त दोन्ही कशी चालतात ते दाखव. कोणत्या कर्जामुळं माणूस परत जाऊ शकतो आणि कोणत्यामुळं जाऊ शकत नाही, हे विचार. युद्धाला एक परिच्छेद दे, जास्त नको.

आणि तुलना करताना एक भान ठेव. तुझे आई-बापू देशातल्या देशात गेले, मतदार होते, नागरिक होते, तरी जनगणनेत कुठं बसले ते घरात कोणाला सांगता येत नाही. तो परदेशी, त्याची मात्र चोवीस तासांत नोंद. यात गंमत आहे, पण "दोघं सारखेच" असं लिहून मोकळा होऊ नकोस. बापूंना रस्त्यात कोणी पासपोर्ट विचारला नाही.

---

बालाघाटचा

हे छापून भिंतीवर लावतो.

तो स्वतःला काय म्हणतो ते विचारलं. निर्वासित नाही म्हणाला, जोरात. "मेरे शहर में निर्वासित हैं, दूसरे गांव से आए हुए, तंबू में. मैं स्टुडंट हूं." मग जरा वेळानं म्हणाला, कोर्स संपल्यावर काय म्हणायचं ते माहीत नाही.

आणि एक राहिलं. जून २०२४ मध्ये हौबानचा रस्ता उघडला. तो इथं येऊन वर्ष झालं होतं. आईनं मावशीच्या घरून फोन केला, पंधरा मिनिटांत पोचले म्हणून. आठ-नऊ वर्षांनी. तो म्हणाला, मी पहिल्यांदा विचार केला, आता तर मी लांब आलो.

---

फटकळ

बरं. स्थलांतर आहे. मान्य.

---

जुनी_शाळा

लेखाचं नाव काय ठेवलंस? आणि त्याला वाचून दाखव द्यायच्या आधी. वाक्यन्‌वाक्य.

---

बालाघाटचा

नाव अजून नाही बाई. वाचून दाखवला. मराठीतला होता, दखनीत सांगत गेलो, तीन कप किश्र झाला. दोन गोष्टी काढायला लावल्या. एक म्हणजे मामा काय काम करतो ते. आणि दुसरी, जंबियाचे किती पैसे आले तो आकडा. म्हणाला, वाक्य राहू दे, रक्कम काढ. काढली.

---

फटकळ

आणि तुमच्या उचलीचा आकडा? तो तर तू इथं सगळ्या जगाला सांगून बसलास. बापूंना विचारलंस का?

---

बालाघाटचा

नव्हतं विचारलं. तुम्ही लिहिल्यावर लगेच फोन लावला. बापू म्हणाले, "लिही की. फेडलीय आपण."